काल, ७ डिसेंबर: हल्ल्यानंतरचं भाषण कसं वाचावं

मी इतिहास शिकवते. दरवर्षी दुसऱ्या महायुद्धाशी आलो की एक अख्खा तास मी एकाच भाषणाला देते. हवाईतल्या पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावर जपानने हल्ला केल्यावर दुसऱ्या दिवशी, ८ डिसेंबर १९४१ला, अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट अमेरिकी संसदेपुढे जे बोलले ते भाषण. सुरुवातीची काही वर्षं मी ते उत्तम वक्तृत्वाचा नमुना म्हणून शिकवत होते. मुलं पहिलं वाक्य पाठ करायची, आवाज चढवून म्हणायची, मी शाबासकी द्यायची आणि तास संपायचा.

मग एका वर्षी एका मुलीने भिंतीवरच्या नकाशात फिलिपीन्सवर बोट ठेवून विचारलं, "बाई, बॉम्ब इथेही पडले ना? हा भागसुद्धा तेव्हा अमेरिकेच्याच ताब्यात होता ना? मग भाषणात हवाई एवढं वर आणि हे नुसतं यादीत का?" मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री घरी भाषण पहिल्यापासून वाचलं, एका हातात पेन्सिल धरून. आपण इतकी वर्षं त्याचा नाद शिकवत होतो, ते वाचलं मात्र नव्हतं, हे तेव्हा कळलं. पुढे मी अशी बरीच भाषणं याच रीतीने वाचली आणि मुलांकडून वाचून घेतली. ती रीत इथे लिहिते आहे. लागतं फार थोडं: भाषणाची छापील प्रत, मिळालं तर ध्वनिमुद्रण, पेन्सिल, जगाचा नकाशा आणि घड्याळ.

आधी वेळा लिहून काढा

भाषणाचा एकही शब्द वाचण्याआधी वहीत तीन वेळा लिहा. हल्ला कधी झाला, नेत्याला कधी कळलं, नेता कधी बोलला. ही तीन टिपणं नसतील तर पुढचं सगळं वाचन हवेत राहतं.

रूझवेल्ट यांच्या बाबतीत ती अशी दिसतात. रविवार, ७ डिसेंबर. हवाईत सकाळचे आठ वाजायला काही मिनिटं होती, तेव्हा पहिले बॉम्ब पडले. वॉशिंग्टनमध्ये तेव्हा दुपारचा सुमारे दीड वाजला होता. रूझवेल्ट आपले सहकारी हॅरी हॉपकिन्स यांच्याबरोबर जेवत होते. पावणेदोनच्या सुमारास नौदलमंत्री फ्रँक नॉक्स यांचा फोन आला. संध्याकाळी पाचच्या सुमारास रूझवेल्टनी सचिव ग्रेस टली यांना बोलावलं, सिगारेट पेटवली आणि भाषण सांगायला सुरुवात केली. स्वल्पविराम कुठे, रेघ कुठे, हेसुद्धा ते तोंडाने सांगत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला ते सभागृहात उभे राहिले. म्हणजे फोन आल्यापासून भाषणापर्यंत पुरते तेवीस तासही नव्हते.

आता शेजारी दुसरं भाषण ठेवा. २२ जून १९४१ला पहाटे जर्मनीने सोव्हिएत संघावर चढाई केली. त्या दिवशी दुपारी सव्वाबाराला रेडिओवर बोलले ते परराष्ट्रमंत्री मोलोटोव्ह. स्टालिन बोलले थेट ३ जुलैला, अकरा दिवसांनी. एखादा देश अकरा दिवस आपल्या सर्वोच्च नेत्याच्या आवाजाची वाट पाहतो, तेव्हा तो आवाज कानावर पडण्याआधीच लोकांनी बरंच काही ओळखलेलं असतं. स्टालिनच्या भाषणाचा सूर त्या अकरा दिवसांनी घडवला आहे.

तिसरं आपलं. ३ डिसेंबर १९७१, संध्याकाळी साडेपाचनंतर पाकिस्तानच्या हवाई दलाने आपल्या विमानतळांवर हल्ले केले. इंदिरा गांधी त्या दिवशी कलकत्त्यात होत्या. तिथून त्या दिल्लीला परतल्या आणि मध्यरात्र उलटल्यावर आकाशवाणीवरून बोलल्या. जेमतेम सात तास, आणि त्यातला काही वेळ विमानात गेलेला.

या वेळा फळ्यावर लिहिल्या की मुलं आपणहून विचारायला लागतात: इतक्या वेळात यांना माहीत तरी काय झालं असेल? हाच प्रश्न मनात ठेवून पुढे जायचं.

मोठ्याने वाचा, घड्याळ लावून

ही भाषणं कानांसाठी लिहिलेली असतात. डोळ्यांनी वाचली तर निम्मी हातातून निसटतात. रूझवेल्ट यांचं भाषण सुमारे पाचशे शब्दांचं आहे. माझे विद्यार्थी ते साडेतीन-चार मिनिटांत संपवतात. रूझवेल्टना सहा-सात मिनिटं लागली. यात टाळ्यांचा वेळ आहे, पण मुख्य वाटा त्यांच्या थांबण्याचा आहे. ध्वनिमुद्रण ऐका आणि ते जिथे श्वास घेतात तिथे पेन्सिलीने उभी रेघ मारा. पहिल्याच वाक्यात 'काल'नंतर ते थांबतात, मग तारीख सांगतात. काल कोणती तारीख होती हे सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी महिना, दिवस, साल पूर्ण उच्चारलं. समोर बसलेल्यांना ती तारीख नको होती. ती पुढे हे भाषण वाचणाऱ्यांसाठी होती, म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी.

खोडलेले शब्द शोधा

माझा सर्वांत आवडता भाग हा. रूझवेल्टनी टली यांना सांगितलेला पहिला टंकलिखित मसुदा आजही उपलब्ध आहे. त्यावर त्यांच्या हातच्या दुरुस्त्या दिसतात. त्याची प्रतिमा मिळवा आणि छापील भाषणाशेजारी ठेवा.

मसुद्यात पहिलं वाक्य होतं: काल, ७ डिसेंबर १९४१, जागतिक इतिहासात राहील अशी तारीख. रूझवेल्टनी 'जागतिक इतिहास' खोडलं आणि वर एकच शब्द लिहिला, 'इन्फमी'. पुढे 'एकाच वेळी आणि जाणूनबुजून' हल्ला झाला असं होतं. तिथे 'एकाच वेळी' खोडून 'अचानक' केलं. वाक्याच्या शेवटी 'पूर्वसूचना न देता' असं लिहून पाहिलं आणि तेही काढून टाकलं, कारण ते काम 'अचानक'ने आधीच केलं होतं.

इथे वर्गाला एक काम द्या: 'इन्फमी'चं मराठी करा. मी हे काम नेहमी देते आणि त्यात वीस मिनिटं जातात, पण ती मला जड वाटत नाहीत. पहिलं उत्तर हमखास 'काळा दिवस' असं येतं. पण काळा दिवस दुःखाचा असतो. त्यात कुणाचा अपराध दिसत नाही. पूर किंवा भूकंप आला तरी तो काळा दिवसच. कुणी 'नामुष्की' सुचवतं. ती तर उलटी बसते, कारण नामुष्की मार खाणाऱ्याच्या वाट्याला येते, मारणाऱ्याच्या नाही. आठ युद्धनौका बंदरात उभ्या असताना गाठल्या गेल्या, ही अमेरिकी नौदलाची नामुष्की होतीच, आणि नेमकं तेच त्या दिवशी रूझवेल्टना बोलायचं नव्हतं. 'कलंक' जवळ येतो, पण कुणाला लागला ते सांगावं लागतं. मी स्वतः 'दुष्कीर्ती'वर थांबते. शब्द जरा पुस्तकी आहे, मूळ शब्दही तसाच आहे. महत्त्वाचं हे की तो कृत्य करणाऱ्याला चिकटतो. एका खोडलेल्या शब्दाने लाजेचा रोख बळीकडून हल्लेखोराकडे वळवला. हे मुलांना भाषांतर करतानाच कळतं; नुसतं सांगून कळत नाही.

भाषांतराचाच आणखी एक धडा. मूळ वाक्यात आधी अमेरिका येते, तिच्यावर काय झालं ते येतं, आणि जपान शेवटी येतो. आपण सवयीने लिहितो, 'जपानने अमेरिकेवर हल्ला केला.' अर्थ तोच, पण वाक्याचं तोंड फिरलं. म्हणून मी असं लिहायला सांगते: 'अमेरिकेवर अचानक, जाणूनबुजून हल्ला झाला, तो केला जपानी साम्राज्याच्या नौदलाने आणि हवाई दलाने.'

नकाशा उघडा

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मला मसुद्यातच सापडलं. आधी एका वाक्यात हवाई आणि फिलिपीन्स यांच्यावरच्या बॉम्बफेकीचा एकत्र उल्लेख होता. दुरुस्तीत फिलिपीन्स गेलं आणि 'ओआहू', म्हणजे पर्ल हार्बर जिथे आहे ते, एकच बेट उरलं. बोलताना तर ते 'ओआहू हे अमेरिकी बेट' झालं. फिलिपीन्सची लोकसंख्या दीड कोटीहून जास्त होती आणि तिथे अमेरिकेचा झेंडा होता. पण मुख्य भूमीवरच्या ऐकणाऱ्याला मनिला आपली वाटेल का, याची खात्री नव्हती. ओआहूलाही 'अमेरिकी' हे विशेषण जोडून द्यावं लागलं, यावरूनच ते दिसतं. हा माझा अर्थ आहे, रूझवेल्टनी कुठे तसं लिहून ठेवलेलं नाही. पण पेन्सिलीच्या रेघा समोर आहेत. तुम्हीही पाहून ठरवा.

मग ती यादी. काल मलायावर. काल रात्री हाँगकाँगवर. काल रात्री ग्वामवर. काल रात्री फिलिपीन्सवर. काल रात्री वेक बेटावर. आज सकाळी मिडवेवर. बातम्या येत गेल्या तशी ही यादी वाढत गेली. प्रत्येक नावाला नकाशावर टाचणी लावा आणि लावताना वाक्य मोठ्याने म्हणा. चौथ्या टाचणीला वर्ग गप्प होतो. जोरकस विशेषण इथे एकही नाही. नावं, वेळा आणि तेच ते क्रियापद, इतकंच आहे.

इंदिरा गांधींच्या भाषणातही अशीच यादी येते: अमृतसर, पठाणकोट, श्रीनगर, अवंतीपूर, उत्तरलाई, जोधपूर, अंबाला, आग्रा. यांनाही टाचण्या लावा. काश्मीरपासून राजस्थानच्या वाळवंटापर्यंत सगळी पश्चिम सीमा नजरेसमोर उभी राहते, आणि आग्र्याची टाचणी लावताना लक्षात येतं की विमानं किती आत आली होती. आठ नावांत त्यांनी देशाला सांगितलं की ही कुठल्या एका ठाण्यावरची चकमक नाही.

जे बोललं गेलं नाही ते

समासात दुसरा रकाना आखा आणि त्यात न बोललेलं लिहा. रूझवेल्ट म्हणतात, आपल्या सैन्याचं गंभीर नुकसान झालं आहे, आणि सांगताना खेद होतो, फार अमेरिकी जीव गेले आहेत. आकडा नाही. खरा आकडा २,४०३ होता, त्यातले ११७७ एकट्या 'ॲरिझोना' नौकेवरचे. चार युद्धनौका बुडाल्या होत्या. हे सगळं त्या दुपारी सांगणं म्हणजे जपानलाही सांगणं झालं असतं, म्हणून इथे मौनाचा दोष मी देत नाही. मोलोटोव्ह यांनी मात्र आकडा दिला होता: दोनशेहून अधिक मृत आणि जखमी. लाखोंच्या फौजा सीमा ओलांडत होत्या त्या दिवसाचा हा आकडा. पहिल्या काही तासांतल्या आकड्याखाली नेहमी पेन्सिलीने नागमोडी रेघ मारा.

रूझवेल्टनी जर्मनीचंही नाव घेतलं नाही. युरोपात दोन वर्षं युद्ध पेटलेलं असताना त्यांनी बोट फक्त जपानकडे दाखवलं. तीन दिवसांनी, ११ डिसेंबरला, जर्मनीने आपणहून अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलं.

पण माझ्या मते सर्वांत मोठी न बोललेली गोष्ट म्हणजे 'काल'च्या आधीचा काळ. परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांना लांब भाषण हवं होतं, त्यात जपानशी असलेल्या संबंधांचा सगळा इतिहास यावा असं त्यांचं म्हणणं होतं. रूझवेल्टनी ऐकलं नाही. त्यामुळे चीनमधलं युद्ध, उन्हाळ्यात गोठवलेली जपानची मालमत्ता, बंद केलेलं तेल, हे काही भाषणात आलं नाही. आल्या त्या फक्त चालू असलेल्या वाटाघाटी, त्याही जपानचा कावा दाखवण्यापुरत्या. हल्ला निर्घृण होता यात शंका नाही, तेल बंद केलं म्हणून तो योग्यही ठरत नाही. तरी वाचणाऱ्याने पाहायचं ते हे की या भाषणात घड्याळ रविवारी सकाळी सुरू होतं. आधीची वेळ त्यात दाखवलेलीच नाही.

हे एकदा दिसलं की प्रत्येक भाषणात शोधा: वक्ता घड्याळ कुठून सुरू करतो? इंदिरा गांधी मागे जातात, मार्चपर्यंत, जेव्हापासून निर्वासितांचा भार भारत सोसत होता. 'आज बांगलादेशातलं युद्ध भारतावरचं युद्ध झालं आहे,' हे त्यांचं वाक्य त्या नऊ महिन्यांवर उभं आहे. मात्र नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पूर्व सीमेपलीकडे गरीबपूरला आपलं सैन्य लढलं होतं, तो पंधरवडा भाषणात नाही. स्टालिनना तर १९३९ पर्यंत जावंच लागलं, कारण ज्याने पाठीत सुरा खुपसला त्याच्याशी अनाक्रमणाचा करार त्यांनीच केला होता आणि लोकांना ते आठवत होतं. भाषणात ते स्वतःच प्रश्न विचारतात की तो करार चूक होता का, आणि स्वतःच नाही म्हणतात.

कुणाला म्हणतात, आणि मागतात काय

संबोधनावर गोल करा. रूझवेल्ट उपाध्यक्ष, सभापती, सिनेट आणि प्रतिनिधिगृह यांना उद्देशून बोलतात, कारण युद्ध पुकारायचा अधिकार राज्यघटनेने संसदेला दिला आहे, अध्यक्षाला नाही. स्टालिन 'कॉम्रेड्स, नागरिकहो' अशी सुरुवात करतात आणि मग म्हणतात 'बंधूंनो आणि भगिनींनो', पुढे 'माझ्या मित्रांनो'. वीस वर्षं ज्या तोंडातून वर्ग आणि शत्रू हेच शब्द आले, त्या तोंडातून हे नात्याचे शब्द आले, तेव्हा ऐकणाऱ्यांना परिस्थितीची पूर्ण कल्पना आली. आवाज जड होता, उच्चार जॉर्जियन ढंगाचे होते, मध्ये ते पाणी पिण्यासाठी थांबत होते.

नंतर शेवटच्या परिच्छेदातलं क्रियापद शोधा. अशा प्रत्येक भाषणात शेवटी काहीतरी मागितलेलं असतं. स्टालिन मागतात ते भयंकर आहे: माघार घ्यावी लागली तर शत्रूसाठी एकही इंजिन, एकही डबा, किलोभर धान्य, लिटरभर इंधन मागे ठेवू नका. रूझवेल्ट यांची मागणी वरवर सौम्य, पण फार बारकाईने रचलेली आहे. युद्ध पुकारा, असं ते म्हणत नाहीत. रविवारच्या हल्ल्यापासून युद्धस्थिती अस्तित्वात आहे असं जाहीर करा, म्हणतात. संसदेने फक्त घडून गेलेल्या गोष्टीवर शिक्कामोर्तब करायचं.

सिनेटमध्ये ८२ विरुद्ध शून्य. प्रतिनिधिगृहात ३८८ विरुद्ध एक. ते एक मत मोंटानाच्या जेनेट रँकिन यांचं. १९१७मध्येही त्यांनी युद्धाविरुद्धच मत दिलं होतं. चारच्या सुमारास रूझवेल्टनी जाहीरनाम्यावर सही केली. रँकिन यांच्याशी मी सहमत नाही, पण वर्गात मतदानाचा आकडा सांगताना मी तो 'जवळजवळ एकमताने' असा कधीच सांगत नाही. ३८८ आणि एक, असाच सांगते.

मग पडताळा, दुसऱ्या दिवशी

हे काम त्याच बैठकीत करू नका. भाषण चांगलं असेल तर त्याचा अंमल उतरायला एक रात्र जावी लागते. दुसऱ्या दिवशी प्रत्येक विधानासमोर लिहा: खरं, खोटं, त्या वेळी कळणं शक्य नव्हतं. हा तिसरा पर्याय जरूर ठेवा, नाहीतर आपण उगाच निर्दयी होतो. रूझवेल्ट यांची जवळजवळ सगळी विधानं टिकतात. शत्रूच्या उत्तमोत्तम तुकड्यांचा आधीच धुव्वा उडाला आहे, हे स्टालिनचं विधान टिकत नाही. भाषणाच्या पाच दिवस आधी मिन्स्क हे सोव्हिएत शहर जर्मनांच्या हाती पडलं होतं.

आणि मग असं एक भाषण घ्या ज्यात हल्ल्याची गोष्टच बनावट आहे. १ सप्टेंबर १९३९ला हिटलरने राइशस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, सांगितलं की पोलंडने आमच्या हद्दीत गोळीबार केला आणि पावणेसहापासून आम्ही उलट गोळीबार करतो आहोत. आदल्या रात्री जर्मनीतल्या ग्लायवित्झच्या रेडिओ केंद्रावरचा 'पोलिश' हल्ला जर्मनांनीच रचला होता. आणि जर्मन युद्धनौकेने वेस्टरप्लाट या पोलिश ठाण्यावर तोफा डागल्या त्या पावणेपाचच्या सुमारास. वेळही चुकीची आणि 'उलट' हा शब्दही. आपण पहिल्या पायरीला घड्याळ का हाती घेतलं ते इथे उमगतं.

क्रम मी असा ठेवते: रूझवेल्ट, इंदिरा गांधी, मोलोटोव्ह आणि स्टालिन एकत्र, मग हिटलर. सर्वांत शेवटी अमेरिकी अध्यक्ष लिंडन जॉन्सन, ४ ऑगस्ट १९६४. वॉशिंग्टनमध्ये रात्री साडेअकरानंतर ते दूरचित्रवाणीवर आले आणि व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात आपल्या जहाजांवर पुन्हा हल्ला झाल्याचं सांगून प्रत्युत्तराचा आदेश दिल्याचं जाहीर केलं. दोन दिवसांपूर्वीची चकमक खरी होती. त्या रात्रीचा हल्ला झालाच नव्हता, आणि जागेवरच्या अधिकाऱ्याने त्याच दिवशी शंका कळवली होती. तीन दिवसांनी अध्यक्षाला लष्करी कारवाईची मोकळीक देणारा ठराव संसदेत मंजूर झाला: प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध दोन. हे भाषण हातात देताना वर्गाला पुढचं काही सांगू नका. वेळा लिहायला लावा, मोठ्याने वाचायला लावा, नकाशा उघडा, रकाने आखा. पडताळणी दुसऱ्या दिवशी, नेहमीसारखीच.